मंगोल खोगिराखालची पाटी

मंगोलांचा आणि त्यांनी एकेकाळी जिंकलेला, अशा दोन्ही देशांचे पाहुणे खूश झाले, तर धाकटा दीर संग्रहालयात गाइड म्हणून कायम होणार होता. मंगोल खोगिराखालची पाटी तिथेच काम करणाऱ्या वहिनीने लिहिली होती: ‘यांनी शहरं जाळली, पुढे यांच्याच राज्यात व्यापाराच्या वाटा सुरक्षित झाल्या.’

जळालेल्या शहराकडचा पाहुणा भडकला, “कत्तलीवर साखर कशाला पेरता?”

गवताळ मुलखातला मंगोल पाहुणा गुरगुरला, “आमचे पूर्वज काय नुसती जाळपोळ करणारे?”

संग्रहालयाच्या साहेबांनी दिराकडे पाहिलं.

“वहिनीने लिहिलंय,” तो चटकन म्हणाला.

“अहो भाऊजी, काल वाचून शाबासकी कोणी दिली?”

दीर खोगीर न्याहाळत राहिला.

तो कायम झाला, पाहुणे पोटभर जेवले, पाटीवर ‘लाकूड आणि चामडं’ एवढंच उरलं, आणि या सगळ्यांच्या समाधानापायी वहिनीची नोकरी गेली.