काळ्या रंगाखालचा शेंदूर

दीक्षाच्या चार वर्षांच्या संशोधनाचा आज सोक्षमोक्ष लागायचा होता, आणि तिचे मार्गदर्शकच तिच्या मुळावर उठले होते.

“भिंतच नीट घासली नाही पोरीनं,” खुशालराव सर अकोल्याहून आलेल्या परीक्षक सुभद्रा मॅडमना सांगत होते. “सांगून सांगून थकलो मी. आता पीएचडीची नोंदणी रद्द झाली तं माह्या हातात काही नाही.”

अमरावतीच्या त्या कॉलेजातला विंड टनेल, पंख्यानं वारा सोडून प्रयोग करायचा बोगदा, घोंगावत होता. त्यात दीक्षानं बसवलेली भिंत घमेल्याच्या आतल्या बाजूसारखी वळलेली. अशा वळणावर वाऱ्याला पीळ पडतात, भोवरे उठतात. ते कुठे उठायचे हे वळणाच्या सुरुवातीचा खडबडीतपणा ठरवतो. बोटाला जेमतेम लागेल एवढा उंचवटाही पुरतो. हेच तिला दाखवायचं होतं. आधी गुळगुळीत भिंतीवर, वारा दिसावा म्हणून सोडलेला धूर सरळ जाईल, मग वाळूचे कण चिकटवले की त्यांच्यामागे भोवरे दिसतील. आणि इथे कण चिकटवण्याआधीच भोवरे हजर, एकाशेजारी एक, निर्लज्जासारखे!

गेल्या आठवड्यात तर धूर सुतासारखा सरळ होता. दीक्षानं टनेल बंद केला, झाकण उघडून काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं. बोट अडलं. तिनं नखानं खरवडलं, तर काळ्या रंगाखालून शेंदूर निघाला.

“सर, हे काय हाये?”

“अवं, खंडेनवमीची पूजा केली. शेंदराची पाच बोटं लावली. मॅडमसमोर बरं दिसत नाही म्हणून वरून रंग मारून देल्ला.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तू दीक्षाभूमीले गेलती. आन् तुमच्यात कुठं राह्यते खंडेनवमी? तुले काय सांगायचं?”

दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूजेचा तिला राग नव्हता. पण तिच्या भिंतीला तिला न विचारता हात लावायचा, वर रंग फासायचा, आणि पुन्हा चारचौघांत कामचुकार तीच!

“एवढ्याशा शेंदरानं कुठं वारा फिरते, मॅडम?” सर हसले.

दीक्षानं पॉलिश पेपर घेऊन मधला ठिपका तेवढा घासून काढला आणि टनेल पुन्हा सुरू केला. मधला भोवरा गेला. दोन्ही बाजूंचे जसेच्या तसे राहिले.

सुभद्रा मॅडम उठून काचेपाशी आल्या. बराच वेळ वाकून बघत राहिल्या. “हिचं म्हणणं खरं आहे की, खुशालराव.”

“मंग! विषय मीच तं देल्ला तिले,” सर लगेच म्हणाले.

दीक्षानं टनेल बंद केला आणि पॉलिश पेपर त्यांच्यापुढे धरला.

“बाकीचे तुमी घासा, सर. मॅडम पाहून राह्यल्या.”