बिट्टीचं लाल बटण

इमारतीतलं भांडण होतं एका चेंडूवरून. तिसऱ्या मजल्यावरची बिट्टी दुपारी शाळेतून घरी यायची. तिचे बाबा तिला जेवू घालायचे, बाहेरून कुलूप लावायचे आणि नदीपलीकडच्या आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात परत जायचे. आई दवाखान्यात नर्स, ती संध्याकाळी यायची. एकटी पोर करणार काय? ती भिंतीवर चेंडू आपटायची. भिंतीपलीकडे बेकरीवाले झोपलेले असायचे, कारण त्यांची भट्टी रात्रभर पेटलेली असे. त्यांनी तक्रार केली. घड्याळवाल्यांनी, मग पोरीला काय बांधून ठेवू, असं ऐकवलं. तेव्हापासून दोघांत अबोला होता. जिन्यात समोरासमोर आले की एक भिंतीकडे बघायचा, दुसरा मोबाइलकडे.

मध्यंतरी भूकंपाचा लहानसा धक्का बसला. नुकसान झालं नाही, पण सगळे धावत खाली आले तेव्हा एकाच्या हातात टीव्हीचा रिमोट होता आणि एका काकूंच्या हातात नुसतं पातेल्याचं झाकण. पुढे कितीतरी दिवस लोक त्यावर हसत होते. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एका रविवारी सगळ्यांना पार्किंगमध्ये खेळायला बोलावलं.

फरशीवर खडूने अख्खी इमारत काढली होती. शेजारी नदी, पूल, दुकानं, दवाखाना. प्रत्येकाला एकेक बटण मिळालं. दुपारी आपण जिथे असतो तिथे ते ठेवायचं, भूकंप झाला की पाळीपाळीने चिठ्ठी उचलायची आणि एका पाळीत एकच गोष्ट करायची, असं बाईंनी सांगितलं.

घड्याळवाल्यांना काही उमगेना. बारीक चाकं जुळवणारा माणूस तो, पण हे कसलं यंत्र? सोंगट्या नाहीत, गुण नाहीत.

“बाई, यात जिंकतं कोण?”

“मलाही अजून कळलेलं नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी थाळी वाजवायला सुरुवात केली.

भूकंप सुरू झाला होता. बिट्टीने आपलं लाल बटण खडूच्या टेबलाखाली सरकवलं आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे स्वतःचं डोकंही हातांनी झाकून घेतलं. थाळी थांबली. आता जिन्याने बाहेर पडायचं होतं.

घड्याळवाल्यांनी चिठ्ठी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं, पूल बंद. मग फोन करतो, ते म्हणाले. पुढच्या पाळीला त्यांनी फोन केला, तर फोन लागत नव्हता. आपलं बटण धरून ते खडूच्या नदीकाठी नुसते बसून राहिले.

“बाबा, मी टेबलाखालीच थांबू?” बिट्टीने विचारलं.

“थांब. येतोच मी.”

मग बेकरीवाल्यांची पाळी आली. त्यांचं बटण जिन्याला लागूनच होतं. एका खेळीत ते सुखरूप खाली पोचले असते. पण त्यांनी ते उलट्या बाजूला, बिट्टीच्या दाराशी नेऊन ठेवलं.

घड्याळवाले चक्रावले. “अहो, तुम्ही खाली का नाही गेलात?”

“चेंडू थांबला की आधी मलाच कळणार ना!” बेकरीवाले त्यांच्याकडे न बघताच म्हणाले. “पण दाराला कुलूप आहे. किल्ली कुठाय?”

घड्याळवाल्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. खरी किल्ली तिथेच होती. खेळ कुठे संपला आणि घर कुठे सुरू झालं, त्यांना समजेना.

ते बाईंशी वाद घालू लागले. कुलूप पोरीच्या भल्यासाठीच असतं, कोणी परका घरात शिरला तर काय करायचं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

“परका आत येऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाने शेजारीही बाहेर राहिला,” त्या म्हणाल्या. “पोरगीही आत अडकली. तुम्हाला तिची काळजी आहे, यात शंका नाही. पण ती काळजी तुमच्या खिशात आहे, आणि खिसा नदीपलीकडे.”

“म्हणजे किल्ली देऊन टाकू? ज्याच्याशी मी बोलतही नाही त्याला?”

“बोलायची सक्ती नाही,” बेकरीवाले पुटपुटले. झाकणवाल्या काकूंना हसू आवरेना.

“बाबा, अजून थांबू?”

बिट्टीने डोक्यावरचे हात काढले नव्हते. घड्याळवाल्यांनी खिशातली किल्ली काढली आणि खडूच्या दारावर ठेवली. हे चालेल का, त्यांनी बाईंना विचारलं.

“आज नाही चालणार, ही पाळी गेली,” बाई म्हणाल्या. “पण इथे चुकलं तर फक्त बटण अडकतं. म्हणून तर खेळायचं.”

त्याच आठवड्यात दाराचं बाहेरचं कुलूप गेलं. बिट्टीला आतून उघडता येईल असं नवं कुलूप बसलं आणि त्याची दुसरी किल्ली घड्याळवाले बेकरीवाल्यांकडे घेऊन गेले. “लागते ना, बघून घ्या,” एवढंच त्यांना बोलता आलं.

वाचकहो, जमीन कधी हलेल हे आपल्याला सांगता येत नाही. पण ती हलल्यावर आपल्या दाराशी पहिल्यांदा कोण पोचेल, हे आजच ठरवता येतं. तुमच्या इमारतीतही एकदा खडू घेऊन बसा, मुलांना सोबत घ्या आणि मनसोक्त चुका. शेजाऱ्याशी भांडण असेल तर त्याला आधी बोलवा.

आता दुपारी भिंतीवर चेंडू आपटतो. पलीकडे बेकरीवाले तो ऐकतात, कूस बदलतात आणि निवांत झोपी जातात.