धाकट्याचा ठिपका

संध्याकाळ झाली की आई विचारते, "कुठवर आला गं?" मग मी हातातलं काम तसंच टाकते आणि काळी खिडकी उघडते.

काळी खिडकी हे आईने दिलेलं नाव. खरं तर ते टर्मिनल. तिथे बटणं नाहीत, चित्रं नाहीत. हुकूम टाइप करायचा आणि मुकाट्याने वाट बघायची. माझं पोट त्यावरच चालतं. लोकांनी बनवलेली मोबाइल अ‍ॅप्स चालवून बघायची आणि त्यांतल्या चुका काढायच्या. धाकटा म्हणायचा, "ताई, नावं ठेवायचा पगार मिळणारी तू जगातली एकटीच बाई." या कामाला खरा फोन लागत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटा फोन उभा करता येतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. एका हुकमाने तो जागा होतो, दुसऱ्याने त्यावर अ‍ॅप चढतं, तिसऱ्याने सुरू होतं. चौथ्या हुकमाने त्याला सांगायचं की बाबा, तू सध्या इथे इथे आहेस. तो बिचारा लगेच विश्वास ठेवतो.

आमच्या घरात चालतं ते अ‍ॅप धाकट्यानेच लिहिलेलं. तो ऑफिसातून निघाला की आई सारखे फोन करायची. भर रहदारीत फोन घ्यायचा तरी कसा? शेवटी वैतागून त्याने आईच्या टॅबवर एक नकाशा आणून ठेवला. निळा ठिपका म्हणजे तो. ठिपका हलतोय ना, मग काळजी नको. आईला हा खेळ फार आवडला. ठिपका वाटेतल्या पुलापाशी आला की ती चहाचं आधण ठेवायची, आणि तो दारात चपला काढेपर्यंत चहा कपात असायचा.

गेल्या वर्षी पुलावर एका ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवलं. तो जागीच गेला. फोनचा चुरा झाला.

आईची आठवण तेव्हाच विरत चालली होती. तिला सांगितलं तेव्हा तिने ऊर बडवून आकांत केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅब घेऊन बसली आणि म्हणाली, "आज ठिपका का दिसत नाही गं?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आकांत, पहिल्यांदाच कळल्यासारखा. तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. रोज नव्याने पोर जाणं म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये. आणखी एकदा सांगायची माझी छाती झाली नाही.

म्हणून मी सिम्युलेटर सुरू केला, त्यावर धाकट्याचं अ‍ॅप चढवलं, त्याच्याच नावाने आत शिरले आणि ऑफिसपासून घरापर्यंतच्या जागा एका फाइलमध्ये ओळीने भरून दिल्या. आईच्या टॅबवर ठिपका हलला. आई पोटभर जेवली. ठिपका दाराशी पोचेपर्यंत तिचे डोळे मिटायला लागायचे. "आला गं बाई, हातपाय धुतोय," असं मी म्हटलं की ती निवांत झोपायची. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरं वाटतंय ना, मग चालू द्या. मावशी म्हणाली, "गेलेल्या पोराला रोज रस्त्याने फिरवतेस, जिवाला काही वाटतं का?" मी म्हटलं, "मग तू ये आणि तू सांग तिला, रोज." ती काही आली नाही. सल्ले द्यायला काय जातं!

ठिपका मी पुलावरून कधीच आणला नाही. बाजारातून वळसा घालून आणायचे. आईला काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे बरोबर दिसलं. "हल्ली हा लांबून का येतो?" असं ती अधूनमधून विचारायची आणि मी काहीतरी थाप मारायचे. त्या दिवशी मात्र ती हटूनच बसली. "पुलावर काही झालंय का? तू लपवतेयस माझ्यापासून."

मी ठरवलं, आज पुलावरून आणायचा. मन घट्ट करून पुलावरच्या रस्त्याच्या जागा गोळा केल्या. पुलापाशी आले तेव्हा आकड्यांकडे बघवेना. न तपासताच पुढे लिहिलं, फाइल भरवली, हुकूम दिला.

"अगं, हे काय?" आई ओरडली. "सगळीकडे पाणीच पाणी!"

बघते तर ठिपका भर समुद्रात. काही नकाशे अक्षांश आधी देतात, काही रेखांश. आमच्या धंद्यात ही अदलाबदल प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते आणि मग ऑफिसभर हसं होतं. मी स्वतः किती जणांना यावरून सोलून काढलं आहे.

"त्याला पोहता येत नाही गं," आई म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "कुणाला तरी बोलव."

"काही नाही आई, नकाशा बिघडलाय. थांब, आत्ता आणते त्याला." मी आकडे उलटे केले, पुन्हा हुकूम दिला. ठिपका रस्त्यावर आला, पुलावर चढला, पूल उतरला. तो दाराशी येऊन थांबला.

"आला बघ. हातपाय धुतोय."

पण आई आज पेंगत नव्हती. तिने कपाटातून कोरडा टॉवेल काढला आणि न्हाणीघराकडे गेली. लगेच परत आली.

"न्हाणीघर कोरडं आहे," ती म्हणाली. मग बाहेरचं दार उघडून बघितलं. जिन्यात कुणी नव्हतं. टॉवेल छातीशी धरून ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली. "भिजलाय तो. थंडी वाजत असेल. कुठे आहे गं माझा मुलगा?"

मला दुसरी थाप सुचली नाही. सुचली असती तर मारली असती.

"आई, तो नाही येणार. तो गेला. पुलावर अपघात झाला."

मी तिला धरायला पुढे झाले. ती मटकन खाली बसली आणि टॉवेलात तोंड खुपसून रडली, तशीच, पहिल्यांदाच कळल्यासारखी. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनात हिशोब करत होते: पाणी द्यायचं, गोळी द्यायची, दार लावायचं.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"मग रोज घरी येत होतं ते कोण?"

"मी, आई. मीच आणत होते त्याला."

आता ती रागावेल असं वाटलं. तिने टॉवेलाचं कोरडं टोक शोधलं आणि माझं तोंड पुसलं, खरं तर ते कोरडंच होतं.

"आणि तुला?" ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं बाळा? नीट जवळ बसवून सांगितलं ना?"

"नाही गं. पोलिसांचा फोन आला होता. गाडीचा नंबर सांगून विचारलं, हा तुमचा कोण, म्हणून."

"अगं माझे आई," ती म्हणाली. मला उंबऱ्यातच जवळ ओढून बसवलं, माझा हात हातात घेतला आणि सावकाश, जपून मला सांगितलं, "बाळा, आपला धाकटा गेला."

तो गेल्यापासून मी पहिल्यांदाच रडले.