साडेएकवीस किलोंचा हलका कॅमेरा

मडिवाळप्पा फोटोग्राफर या वयातही एवढा जड कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतात, याचं सोलापुरात फार कौतुक होतं. बाळीवेशीत त्यांचा स्टुडिओ होता. लग्न असो, बारसं असो, नाहीतर डोळे मिटायच्या आत एक फोटो असावा अशी कुणा म्हाताऱ्याची इच्छा असो, बोलावणं त्यांनाच यायचं. लोक म्हणायचे, "ह्या माणसाचा खांदा लोखंडाचा हाय." हे ऐकून मडिवाळप्पा मान किंचित खाली घालत. नम्रता त्यांना शोभून दिसे. खांदाही शोभून दिसे, कारण त्यावर उपरण्याखेरीज काही नसे.

कॅमेरा चंद्रव्वा उचलत असे.

हे काही एका दिवसात झालं नव्हतं. बायकांचे फोटो काढताना पदर सारखा करायचा, निऱ्या जुळवायच्या, हनुवटी वर करायची, तर परपुरुषानं हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी चंद्रव्वा नवऱ्याबरोबर जाऊ लागली. बायको मोकळ्या हातानं चाललेली बरी दिसत नाही म्हणून तिच्या हातात कॅमेऱ्यावर टाकायचा काळा कपडा आला. कपडा काय, हलकाच असतो, म्हणून काचेच्या प्लेटांची पेटी आली. पेटी एका हातात होती आणि दुसरा हात नुसताच लोंबकळत होता, म्हणून स्टँड आला. मग सामान वाहणारा गडी मिलमध्ये लागला आणि सागवानी कॅमेरा तिच्या डोक्यावर आला. पंचवीस वर्षांत 'उचल' असं कुणी तिला म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर निदान 'न्हाय' म्हणायची सोय झाली असती. लेन्स तेवढी मडिवाळप्पा स्वतः नेत, मखमलीत गुंडाळून कोटाच्या खिशात. "जबाबदारीची वस्तू हाय," ते म्हणत.

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात जेऊरचं एक लग्न उरकून दोघं परत निघाली होती. जेऊरला फलाट बुटका आणि गाडी दोन मिनिटं थांबणारी. पेटी डब्यात चढवताना चंद्रव्वाच्या उजव्या खांद्यातून कळ निघाली ती थेट करंगळीत उतरली. तिनं पेटी डाव्या हातानं आणि गुडघ्यानं वर लोटली. मडिवाळप्पा आत जाऊन खिडकीची जागा धरून बसले होते. ते म्हणाले, "जपून गं. आत प्लेटा हायत."

डॉक्टरांनी तिचा हात वर करून बघितला. तो कानाच्या पातळीला येऊन थांबला. "खांदा धरलाय," ते म्हणाले. "वजन अजिबात उचलायचं नाही. पुन्हा उचललंत तर हा हात कायमचा जाईल, मग भाकरी डाव्या हातानं थापत बसाल." मग रीत म्हणून ते मडिवाळप्पांकडे वळून म्हणाले, "तुम्हीही आता जड सामान सोडा. वय झालं."

मडिवाळप्पांनी यातलं दुसरं वाक्य ऐकलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत चार लोकांसमोर ते म्हणाले, "माझ्यानं आता हे ओझं होत न्हाय. हलका कॅमेरा घ्यावा म्हणतो." चार लोकांनी हळहळ व्यक्त केली. आतल्या खोलीत चंद्रव्वा डाव्या हातानं भाकरी थापत होती. भाकरी कर्नाटकाच्या नकाशासारखी होत होती. राग आला की माणूस थरथरतो म्हणतात. तिचा उजवा हात थरथरण्याइतकासुद्धा वर येत नव्हता.

मग कॅमेरा निवडायला सुरुवात झाली, ती आषाढापर्यंत चालली. फोटोचं सामान विकणारा संगप्पा मुंबईहून तीन कॅमेरे घेऊन आला, आठ-आठ दिवस वापरून बघा म्हणाला. शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर सल्ल्याला येऊन बसले. रोज संध्याकाळी चहा आणि चर्चा. लेन्स किती उजेड घेते, निगेटिव्ह केवढी, फोटो मोठा केला तर दाणा फुटून तो रवाळ दिसेल का. हलका कॅमेरा निवडायला बसलेल्या या तीन माणसांपैकी एकानंही तीन कॅमेऱ्यांपैकी एकही हातात तोलून पाहिला नाही. ते काम चंद्रव्वानं केलं. कपबशा उचलायला आली की ती डाव्या हातानं एकेक कॅमेरा उचलून बघायची. एक तळहातात मावेल एवढा होता. दुसऱ्याला एकाखाली एक असे दोन डोळे होते आणि त्यात वरून वाकून बघायचं होतं. तिसरा घडीचा, वर्तमानपत्रवाले वापरतात तसला, मुंबईत कुणाच्या तरी हाताखालून गेलेला.

"हा धाकला बरा हाय," ती एकदा म्हणाली.

मास्तर हसले. "वैनी, हे खेळणं. लग्नात हे बाहेर काढलं तर नवरदेव भोकाड पसरंल, मला पण एक द्या म्हणून."

"तुला लेन्समधलं काय कळतंय?" मडिवाळप्पा म्हणाले. "साखर बघ चहात. कमी झालीय."

शेवटी तिसरा ठरला. जुना कॅमेरा आठ किलोंचा, हा तीन किलोंचा. पाच किलो वाचले, असा हिशेब मडिवाळप्पांनी मांडला आणि मास्तरांनी तपासून दिला. बाकीचं सामान दुसऱ्या दिवशी टांग्यातून आलं. फ्लॅश होता. फ्लॅशला लागते म्हणून बॅटरी होती, ट्रकची शोभेल अशी. उजेड दोन बाजूंनी पडावा म्हणून लोखंडी स्टँड दोन होते. आणि हे सगळं नीट राहावं म्हणून ॲल्युमिनियमची पेटी होती, तिच्यात चंद्रव्वासुद्धा मावली असती.

शेजारीच बसलिंगप्पाचं ज्वारीचं दुकान होतं. चंद्रव्वा त्याच्या हमालाला, धुळाला, म्हणाली, "एवढं काट्यावर घाल." धुळानं आधी जुनं सामान घातलं. एकोणीस किलो. मग नवं घातलं. साडेएकवीस.

बसलिंगप्पानं काटा दोनदा थोपटला. "अक्का, हलका म्हणून घेतला न्हवं ह्यो?"

"व्हय."

"मग ह्याच्याहून हलका घेतला असता तर बैलगाडी करावी लागली असती की."

धुळा हसला. चंद्रव्वा हसली नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याला आकडे सांगितले.

"काट्याला काय कळतंय?" मडिवाळप्पा म्हणाले. "कॅमेरा हलका हाय का न्हाय, तेवढं सांग."

"कॅमेरा हाय."

"मग? आता कॅमेरा मीच नेणार, गळ्यात अडकवून. तुला नुसतं सामान."

चंद्रव्वानं पेटीचं झाकण लावलं. बोलण्यासारखं बरंच होतं, पण पंचवीस वर्षांचं एकदम तोंडाशी आलं आणि दारात गर्दी व्हावी तसं अडकलं.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं काम गुरम्मांच्या घरी निघालं. गुरम्मा अक्कलकोट रोडच्या. नवऱ्याच्या मागं चादरींचा कारखाना त्यांनीच चालवला होता. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. त्यांची लेक दाक्षायणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि सातव्या महिन्यातल्या ओटीचा, म्हणजे त्यांच्या भाषेत कुबसाचा, फोटो काढायचा होता. माग चालू असले की वरची जमीन हलते आणि जुन्या कॅमेऱ्यात माणसं भुतासारखी दुहेरी येत. म्हणून मडिवाळप्पा तिथं गेले की आधी माग थांबवायला लावत. फ्लॅशच्या कॅमेऱ्याला त्याची गरज नव्हती. पण आपल्या एका शब्दावर चाळीस माग थांबतात, ही गोष्ट सोडवेल असा कलावंत सोलापुरात तरी नव्हता.

टांगेवाल्यानं सामान जिन्याखाली उतरवलं आणि तो गेला. मडिवाळप्पा छातीवर कॅमेरा मिरवत वर गेले. वरून गुरम्मांचा आवाज आला, "या या! ह्या वयात एवढं ओझं घेऊन येता, कमाल हाय बाई!" मडिवाळप्पांचं उत्तर मागांच्या खडखडाटात ऐकू आलं नाही. ते नम्र असणार.

खाली चंद्रव्वा बॅटरीजवळ उभी होती. बावीस पायऱ्या. तिनं उजव्या हातानं कडी धरली, बॅटरी वीतभर उचलली, आणि जेऊरची कळ जशीच्या तशी करंगळीपर्यंत गेली. बॅटरी खाली टेकली. पाच बोटं तिनं उघडून मिटून पाहिली. मिटत होती. आज मिटत होती. हा हात गेला तर हळहळायला कोण कोण येईल, ते तिला दिसलं. सगळे मडिवाळप्पांना भेटायला येणार होते.

ती मोकळ्या हातानं जिना चढून गेली.

वर दाक्षायणी हिरव्या शालूत खुर्चीवर बसली होती. चंद्रव्वानं डाव्या हातानं तिच्या निऱ्या जुळवल्या, हनुवटी वर केली. गुरम्मांनी खिडकीतून खाली हाक दिली. चाळीस माग एकेक करून गप्प झाले, आणि घरात इतकी शांतता पसरली की दाक्षायणीच्या बांगड्या वाजल्या त्याही ऐकू आल्या.

"अर्धा तास," गुरम्मा म्हणाल्या. "त्याच्यावर एक मिनिट न्हाय."

मडिवाळप्पांनी इकडे तिकडे पाहिलं. "सामान कुटं हाय?"

"खाली," चंद्रव्वा म्हणाली.

"आण की मग."

"न्हाय आणत."

हे दोन शब्द मागांच्या आवाजात सहज बुडाले असते. पण माग मडिवाळप्पांनीच थांबवायला लावले होते.

"अगं, लोक बघायला लागलेत," ते दातांत म्हणाले.

"बघू द्या. पंचवीस वर्षं कुणी बघितलं न्हाय, आज बघू द्या."

"म्हणजे?" गुरम्मा पुढे आल्या. "सामान ही आणते व्हय? मग तुमी काय आणता हो?"

मडिवाळप्पांनी तोंड उघडलं. लेन्स आता कॅमेऱ्यालाच बसवलेली होती, त्यामुळे तेही सांगता येईना. "घरातलं घरी बघू," असं पुटपुटत ते जिना उतरले. दारात कामगार तंबाखू मळत बसले होते. त्यांतला एक मदतीला उठला, तसं गुरम्मांनी वरून सुनावलं, "कुणी हात लावू नका रे! त्यांना सवय हाय."

आधी बॅटरी आली. ती तिसऱ्या पायरीवर टेकली, सातव्या पायरीवर टेकली, मग पायरीगणिक टेकत आली. वर पोचल्यावर मडिवाळप्पा तिच्याकडे बघून म्हणाले, "हे एवढं जड हाय?" प्रश्न त्यांनी बॅटरीला विचारला. बायको दोन हातांवर उभी होती, पण विचारायचं ते बॅटरीलाच. चंद्रव्वाला वाटलं, पुढं होऊन ती बॅटरी जिन्यावरून खाली सोडावी. पण त्यासाठी ती उचलावी लागली असती.

मग पेटी आली. एक स्टँड आला. दुसरा आणायला ते गेले तेव्हा अर्धा तास संपला, गुरम्मांनी बोट हलवलं आणि खाली चाळीस माग एकदम सुटले. हलत्या जिन्यावरून लोखंडी स्टँड मिठी मारून चढणारे मडिवाळप्पा दाक्षायणीला खुर्चीतून दिसले. तिनं हसू दाबण्याचा प्रयत्न केला. सातव्या महिन्यात तेही जड जातं.

कॅमेरा धरणाऱ्या हातांत दम उरला नव्हता, त्यामुळे त्या दिवशीच्या सहा फोटोंत दाक्षायणी अर्धी आली. गुरम्मा मात्र पूर्ण आल्या, आणि सहाही फोटोंत हसताना आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सामान पुन्हा टांग्यात चढलं. मडिवाळप्पांनीच चढवलं. चंद्रव्वाला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण ती पुढं जाऊन बसली होती.

"रचनाच चुकलीय ह्याची," संगप्पाच्या दुकानात पेटी आपटून ते म्हणाले. त्यांची पाठ धनुष्यासारखी वाकली होती. "दुसरं दाखवा."

संगप्पानं दोन डोळ्यांचा आणि तो धाकला, असे दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले. मडिवाळप्पा लेन्समध्ये डोकावणार, एवढ्यात चंद्रव्वानं उजवा हात पुढं केला. नवऱ्यानं काल सामान उचललं म्हणून जन्मभर उचलेल, एवढी ती भोळी नव्हती. आज ना उद्या हे आपल्याच हातात यायचं, हे तिला ठाऊक होतं. दोन डोळ्यांचा उचलला, खांद्यात बारीक चमक आली. ठेवला. धाकला उचलला. छातीपर्यंत नेला, खाली आणला, पुन्हा नेला. काही झालं नाही.

"हा," ती म्हणाली.

संगप्पानं मडिवाळप्पांकडे पाहिलं. मडिवाळप्पांनी विचार केल्यासारखं केलं. "बरोबर हाय. माझ्या खांद्याला हाच सोसंल."

"तुमच्या खांद्याला काय झालंय?" चंद्रव्वानं विचारलं.

तिचा आवाज मोठा नव्हता. पण संगप्पा पावती लिहायचा थांबला. मडिवाळप्पांनी काउंटरच्या काचेत पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर सांगण्यासारखं काही चाललं नव्हतं.

"हिच्या," शेवटी ते काचेला म्हणाले. "हिच्या खांद्याला."

"वैनींच्या?" संगप्पा म्हणाला. "मला वाटलं—"

"सगळ्यांनाच वाटलं," चंद्रव्वा म्हणाली.

तिचा राग काही उतरला नाही. एका 'हिच्या'नं उतरावा असा तो कालपरवाचा नव्हता. संगप्पानं पावती पुरी केली आणि फडताळातून चामड्याची एक पेटी काढली.

"ह्याच्यासोबत ही पण देऊ का? भक्कम हाय, जन्मभर टिकंल. वजन म्हणाल तर किलो-दीड किलो." या दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो चंद्रव्वाकडे बघून बोलत होता.

"त्यांना विचारा," ती म्हणाली. "उचलणार ते हायत."