हरीसाहेबांचा दाखला

रघुजीची नयना डॉक्टर होणार, हे फोनवर कळलं तेव्हा मी तोंडानं "वा, वा!" म्हणालो आणि मनातून जळफळलो. खोटं कशाला सांगू?

रघुजी माझा चुलत भाऊ. बार्शीत रस्त्याच्या कडेला पाल ठोकून विळे-कोयते करतो. आम्ही घिसाडी. भात्याजवळून उठून शिकलेला आमच्या भावकीतला पहिला माणूस मी. पुण्यात सरकारी कारखान्यात इंजिनियर झालो आणि दोन वर्षांपूर्वी बदलीवर बेंगळुरूला आलो. गेली अठ्ठावीस वर्षं आमच्या पालांवर पोरांना एकच नाव ऐकवलं जातं, 'हरीसाहेबासारखं व्हा.' मी दरवर्षी वह्या पाठवतो, मेळाव्यात भाषण करतो, 'मी माझ्या माणसांना विसरलो नाही' म्हणून टाळ्या घेतो. हात वरून खाली द्यायचा असतो तोवर समाज फार गोड वाटतो. कुणी वर चढून शेजारी बसायला लागलं की त्याची कोपरं टोचायला लागतात.

आणि माझा ध्रुव? पुण्यातला नावाजलेला क्लास, अभ्यासाला वेगळी खोली, रोज बदाम-दूध. डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, दोनदा आपटला. आता शहराबाहेर होसकोट्याला एका गोदामात शिफ्ट करतो. आणि या पोरीनं भाता ओढता ओढता पहिल्या फटक्यात नंबर लावला.

शनिवारी सकाळी बापलेक यशवंतपूर स्टेशनवर उतरून घरी आले. रघुजी सोफ्याच्या कडेवर टेकला. नयना सरळ बसली होती. तेही मला खटकलं.

"दादा, लई मोठं काम न्हाई," रघुजी म्हणाला. "पोरीच्या जात पडताळणीला बापाकडच्या रक्ताच्या माणसाची व्हॅलिडिटी लागती. भावकीत ती तुमच्याकडंच हाय. तिची झेरॉक्स आन् एक प्रतिज्ञापत्र. शुक्रवारपर्यंत समितीकडं गेलं न्हाई, तर सीट जाती."

व्हॅलिडिटीचा दाखला आतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात होता. मला पाठ होतं.

"अरेरे," मी म्हणालो, "तो पुण्याच्या बँकेत लॉकरमध्ये आहे रे. बघतो काय करता येतं ते."

नयनाचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. लगेच लाजही वाटली, पण बरं आधी वाटलं.

स्वयंपाकघरात माझ्या बायकोनं, संयोगितानं, मला गाठलं. "दाखला घरात आहे ना?"

"प्रतिज्ञापत्रात जात लिहावी लागते," मी हळू आवाजात म्हणालो. "इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळे आपलं साळुंखे आडनाव म्हणजे शहाण्णव कुळी मराठा समजतात. उद्या हे कुठं फुटलं म्हणजे?"

तिनं गॅस बारीक केला. माझ्याकडं निरखून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याच्या पोटातलं दिसतं. मंडळ हे निमित्त होतं. मला ती पोरगी पुढं जायला नको होती, बस.

रविवारभर नयनानं घरात भांडी घासली, जिना झाडला. काकांना राग येऊ नये म्हणून असेल. तिच्या प्रत्येक कामाचा मला वेगळा राग येत गेला. ध्रुव मात्र तिच्याशी तासन् तास बोलत बसला. कुठले प्रश्न आले, कुठले चुकले. ज्या परीक्षेनं त्याचं नाक कापलं तिच्याबद्दल हा गाढव हसून बोलत होता!

सोमवारी सकाळी मात्र मला दुसरं सुचलं. मेळाव्यातलं व्यासपीठ डोळ्यांसमोर आलं. 'नयना डॉक्टर झाली ती कुणामुळं? हरीसाहेबामुळं.' मग तिचं यश माझ्याच खात्यात! मी कुणाच्याही नकळत दाखला काढला, ऑफिसात झेरॉक्स केली, अर्धी रजा टाकली. वाटेत पेढे घेतले. आज मी देवमाणूस होणार होतो.

घरात शिरलो तर बॅगा भरलेल्या. रघुजी ध्रुवचे दोन्ही हात धरून उभा. डोळ्यांत पाणी.

"झालं दादा, काम झालं!"

"कसं?"

"पप्पा, माझी व्हॅलिडिटी आहे ना," ध्रुव म्हणाला. "चुलत भाऊ म्हणजे रक्ताचंच नातं. सुट्टी टाकली आणि सकाळी इथल्या शिवाजीनगरला जाऊन नोटरी केली. स्वल्प गर्दी होती, बाकी काही नाही."

तो बारावीत असताना मीच धावपळ करून ती काढली होती. तो आपटला आणि मी त्या दाखल्यासकट त्याला निकालात काढलं होतं.

"अरे, पण माझा..." माझा हात खिशाकडं गेला.

"ऱ्हाऊ द्या दादा," रघुजी भाबडेपणानं म्हणाला. "तुमचा पुण्याला लॉकरमदी. तुमी तरी काय करणार?"

हात खिशावरच थांबला. ध्रुवनं माझ्याकडं पाहिलं, मग खिशातून डोकावणाऱ्या झेरॉक्सकडं. त्याला सगळं कळलं.

"हो ना," तो शांतपणे रघुजीला म्हणाला, "पप्पांचा नाइलाज होता."

इतकं सांभाळून घेतलं त्यानं मला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

नयना माझ्या पाया पडली, रीत म्हणून. मग ध्रुवकडं वळली आणि रीत नसताना त्याच्याही पाया पडली. रघुजी म्हणाला, "आता पोरास्नी सांगायचं तर ध्रुवचंच नाव सांगणार बगा. शिकावं कुणीबी, पर माणूस असा व्हावा."

संयोगितानं माझ्या हातातले पेढे घेतले आणि सगळ्यांना वाटले. मीही एक खाल्ला. दोन वर्षं ज्याला मी चार लोकांत माझा मुलगा म्हणून सांगायला लाजत होतो, तो बॅग खांद्याला अडकवून त्यांना गाडीत बसवून द्यायला निघाला होता. नयनाचा हेवा मागं पडला. आता मी माझ्या स्वतःच्या पोरावर जळत होतो.