उखळ पुसायची मूठ

“न्हाय म्हंजे न्हाय! घरात शेंगदाणा आणलेलाच न्हाय, तर पोराला घालू कुठनं?” तेजस्वीनं पिशवीतले डबे शिफाच्या टेबलावर एकेक करून आपटले. “ह्ये जोंधळ्याचं पीठ, ही साखर, ह्यो चटणीचा डबा. काय तपासायचं त्ये तपासा. आमच्या आत्तींनी तर माझी झडतीच तेवढी घ्यायची ठेवल्या.”

तिचा सहा वर्षांचा राजवीर खुर्चीला पाठ घासत उभा होता. मानेपासून कमरेपर्यंत लाल गांधी उठल्या होत्या.

“काय म्हणत्यात सासूबाई?” शिफानं विचारलं.

“म्हणत्यात, तूच चोरून चारतीस. माहेरला जायाला निमित्त पायजे तुला.”

शिफा कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक होती. शेंगदाणा सोसत नाही अशा चाळीस मुलांचा अभ्यास चालला होता. तीन महिने शेंगदाण्याचा कणही पोटात जायचा नाही, असं पथ्य. ते पाळलं, की मग डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर कणाकणानं तोच शेंगदाणा देऊन शरीराला सवय लावायची. सगळं फुकट. पण पथ्य मोडलं, की नाव कमी. राजवीरला दोन महिने काही झालं नव्हतं. एप्रिलपासून मात्र जेवण झालं की अंग फुलायचं. सोमवारी शिफानं स्वतःच्या अक्षरात त्याच्या कागदावर लिहिलं होतं, ‘घरी पथ्य पाळले जात नाही.’ आज शुक्रवार. संध्याकाळी पाचला कमी केलेल्या नावांची यादी जाणार होती.

ते वाक्य लिहिल्यापासून शिफाला चैन नव्हती. धुतलेल्या काचा ती पुन्हा धूत होती. एकाच नळीला दोनदा चिठ्ठी लावत होती. तेजस्वीची वही तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पोरानं शेजारी अर्धं बिस्कीट खाल्लं, तेही त्या वहीत वेळेसकट होतं. अर्धं बिस्कीट लिहिणारी बाई शेंगदाणा कशाला लपवेल? म्हणून तिनंच काल फोन करून घरातलं सगळं चिमूटचिमूट मागवलं होतं.

तिनं एकेक चिमूट पाण्यात कालवून त्यात कागदी पट्टी बुडवायला सुरुवात केली. एक रेघ उमटली तर साफ. दोन उमटल्या तर शेंगदाणा. पिठाची एक. साखरेची एक. हळदीची एक. चटणीची पट्टी बुडवली आणि तिनं मनात दहा आकडे मोजायच्या आतच दुसरी रेघ वर आली.

चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षाचा एकदम कुटून ठेवतात तो कांदा-लसूण मसाला. सकाळच्या आमटीत तोच, रात्रीच्या भाजीत तोच.

“ही कुठं कुटून आणली?”

“कुठं म्हंजे?” तेजस्वी बघतच राहिली. “कोडोलीला, तुमच्या अब्बांच्या डंकावर. तुम्हीच सांगितलंसा की! विकतचा मसाला नको, त्यात काय घालत्यात कळत न्हाय. अब्बांचं काम स्वच्छ हाय, माझं नाव सांगा, म्हणून.”

शिफा खाली बसली. विजेच्या मुसळांनी मसाला कुटणाऱ्या त्या डंकावर अब्बांचं काम स्वच्छ होतंच. एकाचा मसाला कुटून झाला, की उखळाला मिरचीचं तेल आणि चिकटा धरून राही. मग अब्बा मूठभर भाजके शेंगदाणे आणि मीठ उखळात टाकून चार घाव घालत. कडेचा सगळा मसाला त्या कुटाला लागून निघे, उखळ लखलखीत होई, आणि ती शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून गिऱ्हाइकाला वरकड म्हणून मिळे. शिफा त्याच चटणीवर वाढली होती. तिनं सगळ्या आयांना छापील प्रश्न विचारले, पण उखळ कशानं पुसतात हे विचारायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अभ्यास चालवणाऱ्या कुंभोजकर सरांनी पट्टी बघितली आणि चष्मा कपाळावर सरकवला. “मसाल्यात आईनंच शेंगदाणा घातला नसेल कशावरून? पाचच्या आत मला काहीतरी दाखव. नाहीतर यादी जाईल.”

तेजस्वीला घरी धाडून शिफानं गाडी काढली. मेच्या उन्हात पुलावर ट्रॅक्टरांच्या मागं अडकली, तेव्हा हॉर्न वाजवून वाजवून तिनं दोघांच्या शिव्या खाल्ल्या. चारच्या सुमारास कोडोली गाठली.

डंकावर दोन बाया पाट्या घेऊन बसल्या होत्या. कुतुबुद्दीन, तिचे अब्बा, नुकतंच पुसलेलं उखळ फडक्यानं झटकत होते. गिऱ्हाइकांपुढं ते लेकीशीही मराठीतच बोलत.

“एवढ्या उन्हाचं? नोकरी सोडलीस काय?”

ती वाकली, उखळाच्या कडेवरून कापूस फिरवला, पट्टी बुडवली. दोन रेघा. तिनं सगळं सांगितलं. अब्बा ऐकत राहिले, मग एकदम चढले.

“चाळीस वर्सं झाली! एक पोरगं आजारी पडलं न्हाय माझ्या मसाल्यानं.”

“पडलं असंल, अब्बा. आपल्याला कोण सांगाय येतंय?”

अब्बांनी फडकं पिळलं. ते कोरडंच होतं. “मग कागदावर काय लिवणार?”

“झालं त्येच. कोडोलीतला एक डंक, आणि तिथं पाठवलं मी.”

“एक डंक?” त्यांचा आवाज खाली आला. “डंक काय आपसूक चालतोय? माझं नाव घाल.”

तिनं पट्टीचा फोटो आणि खाली चार ओळी सरांना पाठवल्या. सरांचा लगेच फोन आला. राजवीरचं नाव राहील, पण तीन महिने पहिल्यापासून मोजायचे. आणि सोमवारी तिनं लेखी खुलासा द्यायचा.

मग तिनं तेजस्वीला फोन लावला.

“तुमचं काय चुकलं न्हाय, ताई. राजवीरचं नाव बी हाय. डंकावरनंच शेंगदाणा लागला मसाल्याला.”

“असं न्हाय,” तेजस्वी म्हणाली. “थांबा. मोठा आवाज करून ठेवत्ये. आत्ती हितंच हायत. आता म्हणा. जोरात म्हणा, त्यांस्नी कमी ऐकू येतंय.”

तोवर अब्बांनी पाटीवालीची मिरची उखळात घालून डंक चालू केला होता. मुसळांच्या धडधडीत शिफाला स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. अब्बांनी हात लांब करून खटका पाडला.

“ओ मामा, आमचं अर्ध्यातच हाय की!” पाटीवाली ओरडली.

“थांबा वाईच. लेक बोलत्या.”

गप्प झालेल्या डंकात, त्या दोघी बायांच्या देखत, शिफा घसा ताणून बोलली. “आजी, तेजस्वीताईंनी शेंगदाणा दिला न्हाय. कधीच दिला न्हाय. मीच त्यांना आमच्या डंकावर पाठवलं. चूक माझी हाय.”

पलीकडं पंखा घरघरत होता. त्यातनं म्हातारीचा खरखरीत आवाज आला.

“पाच किलो केलाय मसाला. त्येचं काय करू आता?”

“तुम्ही खावा. राजवीरचा तेवढा घरात कुटा.”

पलीकडं पाट सरकवल्यासारखा आवाज झाला.

“बस,” म्हातारी म्हणाली, पण फोनमध्ये नाही, सुनेला. “सकाळधरनं तशीच फिरत्यास. बस जेवाय.”

फोन कुणी बंद केला नाही. ताट खाली ठेवल्याचं ऐकू येईपर्यंत शिफानं तो कानाशी धरून ठेवला. अब्बांनीही तोवर खटक्याला हात लावला नाही.