थॉर्नवेलचा गुरुवार

“वाजवू का, म्युरियल? की आणखी कुणाची वाट बघायची?” सेड्रिक बाजारघंटेची दोरी धरून उभा होता.

“कोण यायचंय आता?” कोबीचे गड्डे टेबलावर रचता रचता म्युरियलने कंबर सरळ केली. “वाजव.”

घंटा घुमली. थॉर्नवेलच्या चौकात, पावसाच्या भुरभुरीत, तिची एकच ताडपत्री उभी होती. मासेवाला वारला, पाववाला गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात नोकरीला लागला. गुरुवारी निदान एकाने माल मांडला तरच घंटा वाजायची. आणि ज्या गुरुवारी ती वाजणार नाही, त्या दिवशी जुन्या राजाने दिलेला बाजाराचा हक्क बुडाला, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं. नवऱ्याला मूठमाती दिली त्या गुरुवारीसुद्धा म्युरियलने आधी टेबल मांडलं होतं, मग चर्च.

आता गुडघे ऐकेनात. आज दुपारी लेक तिला कायमची आपल्या घरी नेणार होती.

“आई, आवर गं!” अकराच्या सुमारास हेझेलने गाडीची काच खाली केली. “सकाळपासून एक माणूस आला, तोही पत्ता विचारायला.”

“बारा वाजेपर्यंत टेबल उचलायचं नसतं.”

“कोण रागावणार आहे? राजा?”

“तोंड आवर, आणि चहा दे इकडे.”

सेड्रिकही चहाला आला.

“पुढच्या गुरुवारी तूच मांड की काहीतरी,” म्युरियल म्हणाली.

“घंटावाल्याने विकायचं नसतं. विसरलीस?” मग त्याने आवाज खाली आणला. “तशीच वाजवतो मी. रिकाम्या चौकात. कुणाला कळतंय?”

‘वाजव’ म्हणावं आणि निवांत गाडीत जाऊन बसावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

“नको रे,” ती म्हणाली. “देवाला कळेल. इतकी वर्षं खरी वाजली, शेवटी खोटी कशाला?”

“मग हक्क बुडेल.”

“बुडू दे,” म्हणत ती टेबलाला धरून हळूच खुर्चीत टेकली.

बारा वाजले. उरलेला कोबी हेझेलने मागच्या सीटवर ठेवला. सेड्रिकने ताडपत्री घडी केली. तिच्याखालची तेवढीच फरशी कोरडी होती.

एक तरुण गाडी घेऊन थांबला होता. “आजी, झालं का तुमचं? लावू इथं?”

“लाव, बाळा.”

गाडी अलगद त्या कोरड्या चौकोनावर येऊन थांबली. तरुण उतरला आणि कॉलर वर करून समोरच्या दुकानात पळाला.